दीड टेराबाइट वाचले, तीस एमबी गेले: गेमच्या बॅकअपसाठी हार्ड डिस्क निवडताना

काही वर्षांपूर्वी मी संगणकावरची विंडोज पुसून नव्याने बसवली. त्याआधीच्या दोन रात्री मी गेमची संपूर्ण लायब्ररी एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवण्यात घालवल्या होत्या. सुमारे दीड टेराबाइटचा तो ऐवज नवी विंडोज बसल्यावर पुन्हा जागेवर ठेवला, गेम विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या स्टीम या ॲपने सगळे गेम ओळखले आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झालो. मग ज्या गेममध्ये माझे जवळपास नव्वद तास गेले होते तो उघडला, तेव्हा पडद्यावर नवा गेम सुरू करण्याचा एकच पर्याय होता. त्या गेमला क्लाउड सेव्हची, म्हणजे प्रगती इंटरनेटवर जपण्याची, सोय नव्हती आणि आपण कुठवर पोहोचलो हे नोंदवणाऱ्या त्याच्या सेव्ह फाइल गेमच्या फोल्डरमध्ये नव्हत्याच. त्या विंडोजच्या ‘ॲपडेटा’ नावाच्या, एरवी लपलेल्या फोल्डरमध्ये होत्या. जे दीड टेराबाइट मी जिवापाड जपले ते सगळे इंटरनेटवरून पुन्हा उतरवता आले असते आणि जे तीसेक एमबी जगात दुसरीकडे कुठेही नव्हते ते मी स्वतःच्या हाताने फॉरमॅट केले होते.

अलीकडे ती हार्ड डिस्क बदलण्याची वेळ आली, तेव्हा या अनुभवामुळे मी निवडीची सुरुवात वेगळ्या टोकाकडून केली. डिस्कच्या खोक्यावर वेग आणि टेराबाइट मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, आणि आपलीही नजर आधी तिकडेच जाते. परंतु आपण नेमके काय वाचवणार आहोत आणि त्या डिस्कवरून गेम खेळणार आहोत की ती केवळ कपाटात ठेवणार आहोत, या दोन प्रश्नांची उत्तरे ठरल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नसतो. माझे उत्तर साधे होते: या डिस्कवरून काहीही खेळायचे नाही. एवढे ठरले की निम्मी गोंधळवणारी उत्पादने आपोआप बाजूला होतात.

गेम लायब्ररी हा एकजिनसी ऐवज नाही. स्टीम किंवा एपिक या ऑनलाइन दुकानांतून घेतलेल्या गेमच्या फाइल आकाराने सर्वांत मोठ्या असतात, पण त्यांचा बॅकअप म्हणजे फक्त डाउनलोडचा वेळ वाचवणारी सोय होय. त्यांतले बहुतेक गेम चालवण्याचा हक्क आपल्या खात्याशी बांधलेला असतो, त्यामुळे खाते गेले तर डिस्कवरच्या त्या फाइल बहुधा निरुपयोगी ठरतात. जीओजीसारख्या ठिकाणी मिळणारे ऑफलाइन इन्स्टॉलर मात्र कोणत्याही खात्याविना चालतात आणि बॅकअप या शब्दाला खऱ्या अर्थाने पात्र ठरतात. तिसरा वाटा सेव्ह फाइल, मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले फेरबदल) आणि बारकाईने जमवलेल्या सेटिंगचा असतो. तो आकाराने क्षुल्लक आणि मोलाने सर्वांत मोठा आहे. मॉडच्या बाबतीत तर मी म्हणेन की ज्या आवृत्तीवर आपला गेम सुरळीत चालतो ती आवृत्ती जपलीच पाहिजे, कारण मॉड तयार करणारा माणूस उद्या ते काढून टाकू शकतो किंवा नव्या आवृत्तीत आपला सेव्ह उघडेनासा होऊ शकतो.

विक्रीतून काढून घेतलेल्या गेमचा विचार वेगळा करावा लागतो. प्लेस्टेशन ४ या गेमयंत्रासाठी (कन्सोलसाठी) ऑगस्ट २०१४ मध्ये विनामूल्य आलेला ‘पी.टी.’ हा छोटा भयपट-गेम एप्रिल २०१५ मध्ये ऑनलाइन दुकानातून काढला गेला आणि ज्यांनी तो कन्सोलवरून पुसला होता त्यांना दुकानातून पुन्हा उतरवून घेण्याची वाट बंद झाली. अशा गेमसाठी स्थानिक प्रत हाच आधार उरतो. उलट ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा ज्यांच्याकडे सगळ्या फाइल होत्या त्यांनाही तो खेळता येईना, कारण एकट्याने खेळतानासुद्धा त्याला सर्व्हरशी जोडलेले राहावे लागे. म्हणजे डिस्क कितीही उत्तम घेतली तरी काही गेम तिच्यात मावतच नाहीत, ही मर्यादा खरेदीपूर्वीच मान्य केलेली बरी.

आता आकारमान. ‘बाल्डर्स गेट ३’ किंवा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ यांसारखा एकेक गेम १५० जीबीच्या आसपास जागा मागतो, तर ‘स्टार्ड्यू व्हॅली’ एका जीबीच्याही आत बसतो. त्यामुळे गेमच्या संख्येवरून अंदाज बांधू नये, लायब्ररीच्या फोल्डरचा प्रत्यक्ष आकार पाहावा. त्यातही एक जुनी गफलत आहे. डिस्क बनवणारे टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतात, म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि तरीही त्याला टीबीच म्हणते. परिणामी १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, २ टीबीची १.८१ टीबी, ४ टीबीची ३.६३ टीबी आणि ५ टीबीची ४.५४ टीबी. यात कोणी फसवणूक केलेली नसते, पण काठोकाठ हिशेब केलेला माणूस अडकतो. मी लायब्ररीच्या आजच्या आकाराच्या दुप्पट जागा धरतो. गेमची नवी प्रत उतरवताना जुनी लगेच पुसावी लागू नये, एवढी मोकळीक त्यात राहते.

सगळी लायब्ररी साठवायचीच का, हाही प्रश्न स्वतःला विचारावा. शंभर एमबीपीएसची (सेकंदाला शंभर मेगाबिटची) इंटरनेट जोडणी पूर्ण वेगाने चालली तर, आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने, सेकंदाला साडेबारा एमबी उतरतात. म्हणजे १५० जीबीच्या गेमला तीन तास वीस मिनिटे आणि २ टीबीच्या लायब्ररीला चव्वेचाळीस तास लागतात. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तीच लायब्ररी साधारण पाच तासांत परत येते. ज्याची जोडणी याहून कितीतरी वेगवान आहे आणि डेटावर मर्यादा नाही त्याला मोठ्या डिस्कची गरजच नाही. सेव्ह, मॉड आणि ऑफलाइन इन्स्टॉलर यांच्यासाठी लहान डिस्क पुरते. ज्याची जोडणी हळू आहे किंवा महिन्याचा डेटा मोजून मिळतो त्याच्यासाठी मात्र हाच खर्च अत्यंत शहाणपणाचा आहे.

फिरत्या तबकड्यांच्या एक्स्टर्नल डिस्क दोन घडणींत येतात. अडीच इंची डिस्क खिशात मावते आणि यूएसबी केबलमधूनच वीज घेते. तिची क्षमता बहुतेक करून ५ टीबीपर्यंत असते. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो, कारण तिची मोटर चालवायला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून साधारणपणे ५ व्होल्टच मिळतात. ती टेबलावर एका जागी राहण्यासाठी केलेली असते, पण तिची क्षमता कितीतरी अधिक असते. लायब्ररी चार टेराबाइटच्या पुढे गेली असेल तर साडेतीन इंची घ्यावी, असे माझे मत आहे. त्याखाली अडीच इंची पुरते. मात्र अनेक अडीच इंची डिस्कमध्ये यूएसबीचा पोर्ट थेट आतल्या सर्किटवरच बसवलेला असतो, त्यामुळे तो पोर्ट ढिला झाला की डिस्क बाहेर काढून दुसऱ्या खोक्यात टाकण्याचा उपाय चालत नाही. केबल ओढून काढण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. (माझी जुनी डिस्क याच दुखण्याने गेली आणि दोष सर्वस्वी माझा होता.)

ज्या गोष्टीबद्दल खोक्यावर बहुधा अवाक्षर नसते आणि जिच्यामुळे सर्वांत जास्त तक्रारी होतात ती म्हणजे लेखनाची पद्धत. पूर्वीच्या पद्धतीत, जिला सीएमआर म्हणतात, तबकडीवरचे मार्ग एकमेकांशेजारी सुटे आखलेले असतात. एसएमआर पद्धतीत ते छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे थोडे चढवलेले असतात. वाचणाऱ्या टोकाला लिहिणाऱ्या टोकापेक्षा अरुंद पट्टी पुरते, म्हणून ही युक्ती साधते आणि तेवढ्याच तबकडीवर अधिक माहिती बसते. पण मधले एक कौल बदलायचे म्हटले की त्याच्यावर रेललेली पुढची सगळी कौले उचलून पुन्हा बसवावी लागतात. हे टाळण्यासाठी डिस्क नवी माहिती आधी एका राखीव भागात टिपून ठेवते आणि सवडीने योग्य जागी लावते. कॉपी संपल्यानंतरही अशी डिस्क काही वेळ गुरगुरत राहते ती त्यामुळेच.

राखीव भाग भरेपर्यंत सगळे छान चालते. तो भरला आणि आपण लिहीतच राहिलो, तर सेकंदाला १२० एमबीवर धावणारी कॉपी अचानक दहा-वीस एमबीवर येऊन रखडू शकते. कोऱ्या डिस्कवर मोठमोठ्या फाइल सलग उतरवताना हा त्रास फारसा जाणवत नाही. जुने गेम पुसून त्यांच्या जागी नवे लिहिताना, विशेषतः हजारो लहान फाइल असलेला गेम लिहिताना, तो ठळकपणे जाणवतो. आजच्या जास्त क्षमतेच्या बहुतेक अडीच इंची एक्स्टर्नल डिस्क एसएमआरच असतात, हे गृहीत धरून चालावे. मग त्या टाळाव्यात का? केवळ बॅकअपसाठी घेत असाल तर मुळीच नाही. बॅकअप एकदा लिहिला जातो आणि क्वचित वाचला जातो, आणि वाचताना एसएमआरची अडचण जवळपास नसते. पण त्याच डिस्कवर गेम बसवून तिथेच अपडेट घेण्याचा विचार असेल तर ही जोडी चुकीची आहे, कारण अपडेट म्हणजे मोठ्या फाइलच्या मधलेच तुकडे बदलणे, आणि कौले पुन्हा पुन्हा उचलण्याचे काम नेमके तिथेच पडते.

वेगाच्या जाहिरातींविषयी थोडक्यात. यूएसबी ३.० ची मर्यादा ५ जीबीपीएस (सेकंदाला ५ गिगाबिट) आहे आणि हाच प्रकार पुढे ३.१ जेन १ व नंतर ३.२ जेन १ या नावांनी विकला गेला. नावे तीन, वस्तू एकच. अडीच इंची फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १४० एमबी देते आणि ती भरत जाऊन आतल्या मार्गांवर पोहोचली की हा वेग जवळपास निम्म्यावर येतो, त्यामुळे १० किंवा २० जीबीपीएसच्या पोर्टचा तिला काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो यूएसबी २.० चा पोर्ट टाळण्याचा. तिथे सेकंदाला ३०-४० एमबीच मिळतात आणि २ टीबीची कॉपी पाच तासांऐवजी सोळा तास चालते. डिस्क मंद वाटली तर तिला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट तपासावेत.

मग एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, का नको? ती चार ते दहापट वेगवान असते, पडली तरी सहसा वाचते आणि तिच्यावरून गेम थेट खेळता येतात. ज्याला दोन संगणकांमध्ये गेम घेऊन फिरायचे आहे त्याने एसएसडीच घ्यावी. कपाटातल्या बॅकअपसाठी मात्र मला ती पटत नाही. एकतर तेवढ्याच पैशात फिरत्या डिस्कवर कितीतरी अधिक जागा मिळते. दुसरे म्हणजे एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि वीज न मिळता पडून राहिल्यास तो भार हळूहळू गळतो. जेडेक संस्थेच्या मानकानुसार घरगुती वापराच्या एसएसडीने, लेखनाचे ठरलेले आयुष्य संपल्यावर, ३० अंश सेल्सिअसला वीज नसताना एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ जास्त काळ टिकवते, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. तरीही दोन-तीन वर्षे न जोडता ठेवायच्या वस्तूसाठी मी चुंबकीय तबकडीच निवडतो. तिची कमजोरी वेगळी आहे: चालू असताना बसलेला धक्का तिला सहन होत नाही. कॉपी सुरू असताना ती उचलू नये आणि केबल कोणाच्या पायात येईल अशी सोडू नये.

डिस्क घरी आणल्यावर फॉरमॅटचा, म्हणजे तिच्यावर फाइल कोणत्या रचनेत ठेवायच्या याचा, निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा, कारण नंतर तो बदलायचा तर सगळे पुसावे लागते. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणून तो बाद. एक्सफॅट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहिता-वाचता येतो आणि पुष्कळ डिस्क त्यातच फॉरमॅट होऊन येतात. पण त्यात जर्नलची, म्हणजे बदलांची आधी नोंद करून ठेवण्याची, सोय नाही, त्यामुळे मध्येच केबल निघाली तर फाइल-रचना बिघडण्याचा धोका अधिक असतो. शिवाय मोठ्या डिस्कवर विंडोज त्याला १२८ केबीचे खण पाडते, म्हणजे दोन केबीची फाइलही १२८ केबी जागा अडवते. एखाद्या मॉड केलेल्या गेममध्ये अशा एक लाख चिमुकल्या फाइल असतील तर त्या तेरा जीबी व्यापतात. केवळ विंडोज वापरणाऱ्याने एनटीएफएस घ्यावे. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनच्या साहाय्याने खेळणाऱ्याने ईएक्सटी४ घ्यावे, कारण एनटीएफएसवर ठेवलेल्या स्टीम लायब्ररीच्या तिथे नाना कुरबुरी असतात. मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही, हेही ध्यानात असावे.

कन्सोलवाल्यांचे गणित निराळे आहे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांना यूएसबी ३ ची डिस्क जोडता येते. प्लेस्टेशन ५ ला किमान २५० जीबी आणि कमाल ८ टीबी चालते. मागच्या पिढीचे गेम त्या डिस्कवरून थेट चालतात. या पिढीसाठी बनवलेले गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात आणि खेळायचे झाल्यास आत हलवावे लागतात. कन्सोल डिस्कला स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो आणि संगणकाला ती वाचता येत नाही, म्हणून एकच डिस्क दोघांत वाटून घेण्याचा बेत करू नये. निन्टेंडो स्विचला तर अशा हार्ड डिस्कवर गेम ठेवता येतच नाहीत. तिथे मायक्रोएसडी कार्ड लागते आणि सेव्ह त्या कार्डवरही जात नाहीत.

संगणकावर परत येऊ. स्टीमचे गेम उतरवताना ‘स्टीमॲप्स’मधील ‘कॉमन’ फोल्डरसोबत ‘ॲपमॅनिफेस्ट’ने सुरू होणाऱ्या छोट्या फाइलही घ्याव्यात, म्हणजे परत ठेवल्यावर स्टीम गेम लगेच ओळखते आणि मध्यंतरी आलेले बदल तेवढे उतरवते. एपिकमध्ये आधी इन्स्टॉल सुरू करून थांबवावे लागते, मग फोल्डर त्या जागी टाकून पुढे चालू करायचे; पद्धत ओबडधोबड आहे, पण चालते. सेव्ह फाइलचा ठावठिकाणा मात्र प्रत्येक गेमचा निराळा असतो: कोणाचा ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘माय गेम्स’मध्ये, कोणाचा ‘सेव्ह्ड गेम्स’मध्ये, कोणाचा स्टीमच्या ‘यूजरडेटा’मध्ये, तर कोणाचा ‘ॲपडेटा’च्या तीन उपफोल्डरपैकी एकात. पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर हे पत्ते गेमगणिक नोंदवलेले असतात आणि ‘लुडुसावी’ हे मुक्त-स्रोत साधन त्याच माहितीच्या आधारे सगळे सेव्ह हुडकून एका ठिकाणी जमा करते. हे साधन मला त्या दोन रात्रींच्या आधी माहीत असते तर ही नोंद कदाचित लिहिलीच गेली नसती.

नव्या डिस्कवर मी पहिल्या दिवशी विश्वास ठेवत नाही. आधी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’मध्ये तिची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद) पाहतो, नव्या म्हणून घेतलेल्या डिस्कवर वापराचे शेकडो तास किंवा खराब झाल्याने बदललेले सेक्टर (साठवणीचे कप्पे) दिसले तर ती त्याच दिवशी परत जाते. त्यानंतर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ने ती पूर्ण भरून पुन्हा वाचून घेतो. चार टेराबाइटला यात अख्खा दिवस जातो, पण बनावट क्षमतेच्या वस्तू याच चाचणीत उघड्या पडतात. अंगठ्याएवढ्या डबीत सोळा किंवा तीस टेराबाइट स्वस्तात देणाऱ्या ज्या ‘एसएसडी’ विकल्या जातात, त्यांच्या आत पुष्कळदा लहान मेमरी कार्ड आणि खोटा आकडा सांगणारे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) असते. त्या लिहिताना कुरकुर करत नाहीत, वाचताना मात्र रिकाम्या निघतात.

शेवटी मी ४ टीबीची अडीच इंची, बहुधा एसएमआर असलेली, साधी हार्ड डिस्क घेतली आणि एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केली. सेव्ह, मॉड आणि ऑफलाइन इन्स्टॉलर यांची दुसरी प्रत एका वेगळ्या जुन्या डिस्कवर आणि सेव्हची तिसरी प्रत क्लाउडवर ठेवली. पुन्हा डाउनलोड होऊ शकणाऱ्या गेमची मात्र एकच प्रत आहे आणि ती गेली तरी मला दुःख होणार नाही. कॉपीसाठी विंडोजमधली ‘रोबोकॉपी’ ही आज्ञा वापरतो, पण तिच्या ‘मिरर’ पर्यायाला हात लावत नाही, कारण मूळ जागी चुकून पुसलेली फाइल तो बॅकअपमधूनही तितक्याच निष्ठेने पुसतो. काम झाले की डिस्क काढून ठेवतो. कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर व्हायरसच्या हाती संगणकासोबतच लागते. महिन्यातून एकदा कोणताही एक गेम निवडून त्याचे सेव्ह दुसऱ्या फोल्डरात परत उतरवून पाहतो. गेल्या खेपेला एक जुना डावपेचांचा गेम निवडला होता. तो उघडला तेव्हा दोन वर्षांपूर्वी अर्धवट टाकलेली मोहीम समोर आली आणि माझे सैन्य त्याच पुलाच्या अलीकडे, त्याच वाईट मांडणीत उभे होते.